गोपाळपंतांचे घराणे

तंजावरच्या मराठी राज्याची कथा सांगताना आपण बहुधा व्यंकोजीराजांपासून आरंभ करतो आणि सरफोजीराजांच्या ग्रंथसंग्रहापाशी येऊन थांबतो. परंतु ज्या कारभारी घराण्यांच्या लेखणीवर हे राज्य पावणेदोनशेहून अधिक वर्षे चालले, त्यांची आठवण क्वचितच निघते. त्यांपैकी एका घराण्याची ही हकीकत आहे.

तंजावरच्या ईशान्येस, कावेरीच्या काठी कुंभकोणम् वसले आहे. मेलकावेरी ही त्याच शहराची एक वस्ती. भोवताली कालव्यांच्या पाण्यावर पिकणारी भाताची खाचरे. या प्रदेशात जमिनीचा वंशपरंपरागत हक्क ‘मिरास’ या शब्दानेच ओळखला जाई. महाराष्ट्रातील श्रोत्यांना हा शब्द परका वाटू नये. शहाजीराजांनी 1693 मध्ये जवळचेच तिरुविशनल्लूर विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. दानाची जमीन आणि दरबारची चाकरी, या दोहोंच्या आधाराने मराठी ब्राह्मण कुटुंबे येथे रुजली.

अशाच एका देशस्थ घराण्यात अठराव्या शतकात गोपाळपंत होऊन गेले. ते आणि त्यांचे पुत्र गुंडोपंत यांनी देशी राजांच्या तसेच इंग्रजांच्या पदरी जबाबदारीची पदे भूषविली. तो काळ कारभाऱ्याची कसोटी पाहणारा होता. 1773 मध्ये कंपनीच्या फौजेच्या बळावर अर्काटच्या नबाबाने तंजावर घेतले आणि तुळजाराजांना कैदेत टाकले. 1776 मध्ये राज्य परत मिळाले, तोच 1781 मध्ये हैदरअलीच्या स्वारीने सारा मुलूख उजाड झाला. अखेर 1799 च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती नाममात्र सत्ता उरली. अशा उलथापालथीत वतने टिकत नाहीत. टिकते ती विद्या. जमाबंदी, हिशेब, पत्रव्यवहार आणि दोन्ही पक्षांना समजेल असे बोलणे, हेच या घराण्याचे खरे वतन ठरले.

तंजावरात वाव उरला नाही, तेव्हा या वतनाने त्रावणकोरची वाट धरली. वेंकटराव 1821 मध्ये तेथील दिवाण झाले. त्रिवेंद्रमचा पार्वती पुत्तनार कालवा त्यांच्याच कारकिर्दीतला. कावेरीकाठच्या माणसाला पाण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही! त्यांचे बंधू रंगराव यांनीही पुढे काही काळ दिवाणगिरी पाहिली. या रंगरावांचे पुत्र म्हणजे 1828 मध्ये कुंभकोणम् येथे जन्मलेले सर टी. माधवराव, अर्थात गोपाळपंतांचे पणतू.

माधवरावांच्या आयुष्यातील 1855 हे वर्ष विशेष ध्यानात ठेवावे. तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी त्या वर्षी पुत्राविना वारले आणि गादी खालसा झाली. त्याच सुमारास, बिघडलेल्या कारभाराकडे बोट दाखवून, त्रावणकोरही गिळंकृत करण्याची भाषा सुरू झाली होती. ज्या राज्याच्या छायेत आपले घराणे वाढले ते डोळ्यांदेखत बुडालेले, आणि ज्याच्या सेवेत आपण आहोत तेही बुडण्याच्या बेतात, अशा स्थितीत 1857 मध्ये या तरुणाकडे दिवाणगिरी आली. त्यांनी मिरी आणि तंबाखू यांचे सरकारी मक्ते उठविले आणि 1863 पर्यंत संस्थानचे कर्ज फेडले. 1865 च्या जाहीरनाम्याने सरकारी जमीन कसणाऱ्या कुळांना त्या जमिनीचा मालकी हक्क मिळाला. मिरासदारांच्या मुलुखातून आलेल्या कारभाऱ्याच्या हातून हे घडावे, यात त्या घराण्याच्या विद्येचा कळस दिसतो. त्रावणकोर वाचले.

‘ज्याचे राज्य त्याची चाकरी’ असा आक्षेप अशा घराण्यांवर घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. इंग्रजांशी या मंडळींनी कधी उघड विरोध पत्करला नाही. परंतु तलवार गमावलेल्या संस्थानांना केवळ चोख कारभाराचीच ढाल उरली होती, हेही विसरून चालणार नाही. 1875 मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर माधवराव बडोद्यास गेले आणि अल्पवयीन सयाजीरावांचे राज्य त्यांनी सांभाळले. तंजावरच्या मराठी माणसाने गुजरातेतील मराठी गादी सावरली.

वेंकटरावांचे पुत्र रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले आणि पुढे विधवाविवाहाच्या चळवळीत झटले. माधवरावांचे पुत्र आनंदराव 1909 ते 1912 या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्यानंतर त्या पदावर विश्वेश्वरय्या आले. बंगळूरचा एक गजबजलेला चौक आनंदरावांच्या नावाने ओळखला जातो, तर तिरुवनंतपुरम् येथे माधवरावांच्या पुतळ्यावरून त्या भागालाच ‘स्टॅच्यू’ म्हणतात.

राज्ये वंशाने मिळतात आणि वंशाबरोबर संपतात. गोपाळपंतांनी मुलानातवांना दिलेली लेखणी मात्र चार दरबारांना पुरून उरली.