गिरा धोध आणि डांगचे जंगल : सहकुटुंब सहलीसाठी माहिती

पावसाळा सुरू झाला की आपल्या भागातील अनेक कुटुंबे वघईजवळचा गिरा धोध पाहण्याचा बेत करतात. गुजरातीत धोध म्हणजे धबधबा. पर्वत पाटियाहून सकाळी निघून रात्री घरी परतता येते. सोबत लहान मुले व वडीलधारी मंडळी असतील, तर पुढील माहिती निघण्यापूर्वी वाचावी.

ठिकाण

वघई हे डांग जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. तेथून सापुताऱ्याच्या रस्त्याने थोडे पुढे, आंबापाडा गावाजवळ अंबिका नदीच्या खोऱ्यात हा धबधबा आहे. गिरा आणि गिरमाळ या नावांत गल्लत होते. गिरमाळ हा निराळा, अधिक उंच धबधबा सुबीर तालुक्यात आहे. दोन्ही एकाच दिवशी करू नयेत. मुलांचा सारा दिवस गाडीत जातो.

केव्हा जावे

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबा भरून वाहतो, पण पाणी गढूळ असते आणि रविवारी गर्दी फार होते. घरच्या मंडळींसाठी सप्टेंबरचा उत्तरार्ध व ऑक्टोबर चांगला : पाणी असते, जंगल हिरवे असते, रस्ते कोरडे होऊ लागतात. उन्हाळ्यात मात्र बहुतेक उघडा खडकच दिसतो. दिवाळीत नाशिककडे गावी जाणाऱ्यांचा रस्ता वघई-सापुताऱ्यावरून असेल, तर वाटेत तासभर थांबता येते.

कसे जावे

कडोदरा, बारडोली, वालोड, बुहारी, उनाई मार्गे वघई हा रस्ता सोयीचा. जाण्यास साधारण तीन तास धरावेत. उनाईला उनाई मातेचे मंदिर व गरम पाण्याची कुंडे आहेत. वडीलधाऱ्यांसाठी हा थांबा चांगला.

बिलिमोरा-वघई ही 63 किलोमीटरची छोट्या रुळांची गाडी बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या काळातली. करोनाकाळात बंद पडलेली ही गाडी 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रवास सुमारे तीन तासांचा आहे. गाडी वघईला फार वेळ थांबत नाही. त्यामुळे जाताना रेल्वे आणि परतीला रस्ता, अशी योजना करावी. वेळापत्रक त्या आठवड्यात तपासून घ्यावे.

पाण्याविषयी

सहलीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. गिऱ्याचे पाणी वरच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचे असते. वघईला ऊन पडलेले असतानाही वर जोराचा पाऊस झाला, तर थोड्या वेळात प्रवाह चढतो. सुरतकरांना हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2006 मध्ये आपल्या घरांत शिरलेले तापीचे पाणी शहरावर पडलेल्या पावसाचे नव्हते, ते उकाईच्या वरून आले होते. तापीच्या पुराची निदान सूचना मिळते; डोंगरातल्या ओढ्याची मिळत नाही.

म्हणून निघताना केवळ सुरतेचे नव्हे, तर आहवा व सापुतारा भागाचे हवामान पाहावे. वर मुसळधार पावसाचा इशारा असेल तर तारीख बदलावी. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये. मुलांचे पाय भिजवण्यासाठीसुद्धा नाही. शेवाळलेल्या कातळावर फोटोसाठी उभे राहू नये. पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच सोडून उंचावर यावे. दर चार मुलांमागे एक मोठा माणूस नेमावा आणि त्याने त्या वेळेपुरता मोबाईल खिशातच ठेवावा. पोलिसांची व स्थानिक लोकांची सूचना ऐकावी. नदी त्यांच्या रोजच्या पाहण्यातली आहे.

जंगल

काही जण याला वर्षावन म्हणतात, पण डांगचे जंगल पानझडी आहे. साग, बांबू, सादडा, हळदू ही येथील झाडे. पावसाळ्यात घनदाट दिसणारे हे रान उन्हाळ्यात पाने गाळते. वघईचे वनस्पती उद्यान 24 हेक्टरांत पसरले असून बांबूच्या अनेक जाती तेथे एकत्र पाहता येतात. मुलांसाठी दोन तास पुरतात. जवळचे वांसदा राष्ट्रीय उद्यान (1979) पावसाळ्यात सहसा बंद असते. इतर वेळी वन खात्याची परवानगी काढावी लागते.

जेवण आणि माणसे

धबधब्याजवळ भाजलेला मका, चहा व बांबूच्या वस्तूंची दुकाने असतात. परिसरात आदिवासी महिलांच्या बचत गटांची 'नाहरी' उपाहारगृहेही आहेत. तेथे नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि बांबूचे लोणचे अवश्य खावे. लहान मुलांसाठी घरून दशम्या व उकळलेले पाणी न्यावे.

आपल्या खानदेशी मंडळींना येथे एक सुखद ओळख पटेल. डांगी बोली अहिराणीच्या जवळची आहे. आजी-आजोबा दुकानदाराशी सहज बोलू लागतात. वस्तू त्यांच्याकडूनच घ्याव्यात व फार घासाघीस करू नये.

सोबत काय घ्यावे

घसरणार नाहीत असे बूट, छत्रीऐवजी रेनकोट, कोरडे कपडे, नेहमीची औषधे, प्रथमोपचाराची पेटी, सुटे पैसे आणि कचऱ्यासाठी पिशवी. जंगलात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. म्हणून भेटण्याची जागा व वेळ आधी ठरवावी. दुपारी चारपर्यंत वघई सोडावे, म्हणजे रानातला रस्ता उजेडात पार होतो.