लाल डोळ्यांचा लव्हबर्ड: डोळे आलेत, की ही रंगाची जनुकं?

दुकानातल्या पिंजऱ्यात हिरवे-निळे पक्षी आणि त्यांच्यात एकच पिवळाधमक, लाल डोळ्यांचा. 'रेड आय' म्हणून दुकानदार त्याचे जास्त पैसे सांगतो. घरी आणल्यावर कोणीतरी म्हणतं, "अरे, याचे डोळे आलेत, औषध घाला!" बहुतेक वेळा ते डोळे आजारीही नसतात आणि तो पक्षी फारसा दुर्मीळही नसतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे 'लव्हबर्ड' म्हणून सर्रास विकला जाणारा, पाठीवर बारीक काळे पट्टे असलेला, लांब शेपटीचा छोटा पोपट म्हणजे बजरीगर, लाडाने बजी. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे आणि अंगाने गुबगुबीत. बजी ऑस्ट्रेलियातला. पक्षीतज्ज्ञ जॉन गोल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडमध्ये नेले आणि पुढे ते जगभर घराघरांत पोहोचले. जंगलातला बजी हिरवा असतो, तोंड पिवळं. बाकीचे रंग म्हणजे जनुकांत आपोआप झालेले बदल. पाळणाऱ्यांनी असे पक्षी निवडून त्यांची पैदास केली.

हिरवा रंग येतो कुठून?

गंमत म्हणजे बजीच्या पिसांत हिरवं रंगद्रव्य नसतंच. पिसांत एक पिवळं रंगद्रव्य असतं. पिसाच्या आतली सूक्ष्म रचना प्रकाश विखुरते आणि निळा रंग दिसतो. त्या रचनेखाली काळं मेलॅनिन असतं, म्हणून हा निळा उठून दिसतो. पिवळा आणि निळा मिळून हिरवा! पिवळं रंगद्रव्य तयारच झालं नाही, तर उरतो निळा पक्षी. स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये 'सेल' या नियतकालिकात दाखवून दिलं, की एका जनुकातला एक छोटासा बदल यामागे आहे.

आता मेलॅनिन काढून टाका. हिरव्या पक्ष्यात फक्त पिवळा उरतो, तो लुटिनो. निळ्या पक्ष्यात काहीच उरत नाही, तो पांढराशुभ्र अल्बिनो. हे करणाऱ्या जनुकाला 'इनो' म्हणतात. पिसांबरोबर डोळ्यांतलंही मेलॅनिन जातं, त्यामुळे आतल्या रक्तवाहिन्यांचा लाल रंग दिसतो. डोळ्याला लाल रंग फासलेला नसतो, तिथला काळा पडदाच नसतो. म्हणूनच या पक्ष्यांना प्रखर उजेड सोसत नाही. पिंजरा थेट उन्हात नको.

लाल डोळे दिसले म्हणजे लुटिनो किंवा अल्बिनोच असंही नाही. 'फॅलो' प्रकारातही डोळे लाल असतात, पण अंगावरचे पट्टे तपकिरी दिसतात.

आई-बाप काळ्या डोळ्यांचे, पिल्लू लाल डोळ्यांचं?

हा प्रश्न नवख्या पाळणाऱ्यांना हमखास पडतो. इनो हे जनुक लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर असतं. पक्ष्यांत नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एकच. त्यामुळे मादीत एक प्रत आली तरी डोळे लाल होतात, नराला मात्र दोन्ही लागतात. नरात एकच प्रत असेल तर तो साधा हिरवा दिसतो आणि जनुक गुपचूप पुढे पाठवतो. अशा नराची जोडी साध्या मादीशी लागली, तर सरासरी निम्म्या मुली लाल डोळ्यांच्या होतात, मुलगा एकही नाही. थोडक्यात, अशा घरट्यात लाल डोळ्यांचं लुटिनो किंवा अल्बिनो पिल्लू दिसलं, तर ती मादी! बाकीच्या पिल्लांत नर-मादी ओळखायला महिनोन् महिने थांबावं लागतं.

पूर्ण काळे डोळेही फसवतात

प्रौढ बजीच्या बाहुलीभोवती पांढरं कडं असतं. पिल्लांचे डोळे मात्र पूर्ण काळे दिसतात, कडं काही महिन्यांनंतर हळूहळू उमटतं. त्यावरून वयाचा अंदाज बांधतात. पण 'रिसेसिव्ह पाइड' या चट्ट्यापट्ट्यांच्या प्रकारात हे कडं जन्मभर येतच नाही. म्हणजे तीन वर्षांचा पक्षी 'एकदम लहान पिल्लू आहे, लगेच हाताळेल' असं सांगून गळ्यात मारता येतो.

दुसरी फसगत नर-मादीची. नराच्या चोचीवरचा, नाकपुड्यांभोवतीचा भाग एरवी निळा होतो. लुटिनो, अल्बिनो आणि रिसेसिव्ह पाइड नरांमध्ये तो मोठेपणीही गुलाबी-जांभळट राहतो. निळा नाही म्हणून मादी समजून घेतलेला पक्षी नर निघतो आणि 'जोडी' अंडी का देत नाही म्हणून घरचे वाट बघत बसतात.

पांढरा पण काळ्या डोळ्यांचा बजी अल्बिनो नसतो, दुसऱ्या जनुकांमुळेही पक्षी पांढरा होतो. आणि कोणी गुलाबी किंवा लाल पिसांचा बजी दाखवला, तर सरळ पुढे चला. बजीत लाल रंगद्रव्य नसतं, ते पीस रंगवलेलं आहे.

मग काळजी कधी करायची?

जनुकाने आलेला लाल रंग अंड्यातून बाहेर येतानाच असतो, दोन्ही डोळ्यांत सारखाच आणि डोळ्याच्या आत. कालपर्यंत काळा असलेला डोळा आज लाल दिसतोय, पापणी सुजलीये, पाणी किंवा चिकट स्राव येतोय, डोळा दुधाळ झालाय किंवा पक्षी एक डोळा मिटून पिसं फुगवून बसलाय, तर तो आजार किंवा इजा आहे. माणसांचे डोळ्यांचे थेंब घालू नका. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. त्याला बाकीच्या पक्ष्यांपासून वेगळं ठेवा आणि पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवा, कारण पोपटांमध्ये डोळे सुजवणारा सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार माणसांनाही होतो.