बाल्साचे धड आणि मद्रासची हवा

मार्च 1910 मध्ये मद्रासचे हॉटेलमालक जाकोमो द'अँजेलिस यांनी स्वतःच्या आराखड्याचे विमान उडवले. ते बांधले सिम्पसन कंपनीने, म्हणजे घोडागाड्या घडवणाऱ्या कारागिरांनी. पहिल्या चाचण्या पल्लावरमला झाल्या. आजचा चेन्नई विमानतळ त्याला लागूनच आहे. तेथे उतरणाऱ्या प्रवासी विमानाची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती करणारा हौशी माणूसही लाकडाकडेच वळतो. ते लाकूड बाल्साचे, इक्वादोरचे, बुचाहूनही हलके. गोल चौकटी, त्यांना जोडणाऱ्या लांब पट्ट्या आणि वर पातळ फळ्यांचे आवरण. भाराचा मोठा वाटा हे कवचच पेलते.

ब्रिटनच्या मॉस्किटो या लढाऊ विमानाचे धडही कवचाचेच होते. बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा ठेवून त्याचे दोन उभे अर्ध साच्यावर घडवीत, मग सांधीत. नोव्हेंबर 1940 मध्ये ते प्रथम उडाले. 1944 मध्ये मात्र हिंदुस्थानच्या दमट उष्म्यात या विमानांच्या पंखांचे सांधे सुटले, काही विमाने हवेतच मोडली, वैमानिक गेले. आधी ठपका सरसावर आला; चौकशीत बांधणीतील ढिलाई आणि आत मुरलेले पाणीही पुढे आले.

चेन्नईत बाल्साचे धड म्हणूनच आतूनही रोगण लावून बंद करावे. वजन थोडे वाढते, पण दुसरा इलाज नाही.