बालवाडीची आगाऊ फी परत मिळते का? एका पावतीमागचा दीडशे वर्षांचा इतिहास

१/ "एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही." नर्सरीच्या पावतीवर तळाशी बारीक अक्षरांत अशी ओळ छापलेली असते. जूनमध्ये वर्षाची फी भरावी आणि ऑगस्टमध्ये वडिलांची भंडाऱ्याहून बदली व्हावी, की या ओळीचा अर्थ कळू लागतो. ही ओळ कायद्यापुढे कितपत टिकते? उत्तरासाठी १८७२ पर्यंत मागे जावे लागते. #थ्रेड

२/ त्या वर्षी भारतीय करार कायदा अमलात आला. भंडारा तेव्हा मध्य प्रांतातील एक जिल्हा होता. पुढे तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये त्यातून गोंदिया वेगळा झाला. राज्ये बदलली, जिल्ह्याच्या सीमा बदलल्या, पण १८७२ चा हा कायदा आजही तेथे लागू आहे.

३/ या कायद्याचे कलम ७४ महत्त्वाचे आहे. करार मोडणाऱ्याने किती रक्कम द्यावी, हे करारातच लिहून ठेवले असले तरी न्यायालय तेवढी रक्कम आपोआप मंजूर करत नाही. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा मानली जाते. तिच्या आत राहून वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

४/ आधीच भरलेल्या पैशांचे काय? हा प्रश्न १९६३ मध्ये फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वाद दिल्लीतील एका बंगल्याच्या विक्रीचा होता. विकणाऱ्याला २५,००० रुपये मिळाले होते आणि व्यवहार फिसकटल्यावर ते सगळे जप्त करावेत असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने इसाऱ्याचे १,००० रुपये ठेवू दिले. उरलेल्या २४,००० रुपयांच्या जप्तीला मान्यता दिली नाही.

५/ हाती असलेली रक्कम जप्त करण्याच्या अटीलाही कलम ७४ लागू होते, हे या निकालाने ठरले. हाच तर्क नर्सरीला लावून पाहता येतो. मूल दोन महिन्यांत गेले आणि त्याची जागा दुसऱ्या मुलाने घेतली, तर संस्थेचे नुकसान नेमके किती झाले? मात्र काही हजार रुपयांसाठी दिवाणी दावा, वकील आणि तारखा कोणाला परवडणार? हक्क होता, पण तो मिळवण्याचा खर्च त्याच्या किमतीहून मोठा होता.

६/ शिवाय त्या काळी बहुतेक कुटुंबांना असा प्रश्न पडतच नव्हता, कारण मुलांच्या सांभाळासाठी फी भरण्याची रीतच रुळलेली नव्हती. घरातली आजी, मोठी बहीण किंवा शेजारीण मूल सांभाळत असे. कायद्याने हा भार टाकला तो मालकावर. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक झाले. १९७६ मध्ये ही मर्यादा ३० वर आली.

७/ भंडारा जिल्ह्याच्या दृष्टीने आणखी दोन कायदे महत्त्वाचे होते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, आणि खाणींसाठी पाळणाघराचे वेगळे नियम झाले. जिल्ह्यातील दुसरा मोठा रोजगार विड्यांचा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यातही पाळणाघराची तरतूद होती.

८/ पण ती तरतूद कारखान्याच्या जागेशी बांधलेली होती. तेंदूपत्ता आणि तंबाखू घरी आणून ओसरीवर विड्या वळणाऱ्या बाईचे मूल तिच्या शेजारीच, तंबाखूच्या धुळीत खेळत राहिले. फी नव्हती, पावती नव्हती आणि पाळणाघरही नव्हते.

९/ याच काळात महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला एक वेगळा विचार आकार घेत होता. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले.

१०/ मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या अंगणात जावे, ही त्यांची भूमिका होती. 'अंगणवाडी' या कल्पनेचे मूळ येथे आहे. त्यांच्या 'विकासवाडी'त पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती. लहान मुलाला सांभाळणे आणि त्याला शिकवणे यांत रेघ ओढता येत नाही, हा अनुभव त्यामागे होता. पुढे परताव्याचा सारा वाद याच रेघेवर येऊन थांबणार होता.

११/ २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर पोहोचू लागली. ती मोफत असल्याने परताव्याचा प्रश्नच नव्हता. नंतरच्या दशकांत खासगी नर्सरी आणि प्ले-ग्रुप मोठ्या शहरांतून जिल्ह्यांच्या गावी आले. त्यांच्यासोबत आगाऊ वार्षिक फी आली.

१२/ संस्थाचालकांची बाजूही समजून घ्यावी लागते. जागेचे भाडे आणि ताईंचे पगार वर्षभराचे असतात. मूल मध्येच गेले म्हणून ते कमी होत नाहीत. म्हणून काही कपात वाजवी ठरू शकते. वाद आहे तो सगळीच रक्कम ठेवून घेण्याबद्दल.

१३/ दरम्यान १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक चळवळीच्या पाठपुराव्यानंतर डिसेंबर १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. जिल्हा पातळीवरच ग्राहक मंच आले. लहान रकमेसाठी मोठा दावा लढण्याची अडचण प्रथमच दूर होऊ लागली.

१४/ पण शिक्षण ही 'सेवा' आहे का? २००९ या एकाच वर्षात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. दंतवैद्यक महाविद्यालयाने मान्यतेबाबत विद्यार्थ्यांची दिशाभूल केलेल्या प्रकरणात ग्राहक कायदा लागू झाला. बिहार परीक्षा मंडळाच्या प्रकरणात, परीक्षा घेणे ही सेवा नाही, असे ठरले. दोन्ही बाजूंना आपापला आधार मिळाला.

१५/ २० जानेवारी २०२० रोजी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मनू सोलंकी प्रकरणात भूमिका घेतली: शिक्षण देणाऱ्या संस्था ग्राहक कायद्याबाहेर, प्रवेशापूर्वीचे व नंतरचे उपक्रमही बाहेर, अपवाद फक्त शिकवणी वर्गांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न तपासण्याचे मान्य केले.

१६/ आता एकाच इमारतीची कल्पना करावी. सकाळी ९ ते १२ तेथे 'नर्सरी' भरते आणि १२ ते ६ 'डे-केअर' चालते. मूल तेच, ताई त्याच. नर्सरीच्या फीबाबत संस्था म्हणू शकते, 'आम्ही शिक्षणसंस्था आहोत.' पाळणाघराच्या फीबाबत तसे म्हणणे अवघड आहे, कारण तेथे पैसे सांभाळण्याचेच घेतलेले असतात. ताराबाईंनी जी रेघ पुसली, तीच आता परतावा कोठे मागायचा हे ठरवू लागली.

१७/ गंमत अशी की संविधान ताराबाईंच्या बाजूचे आहे. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीनंतर अनुच्छेद ४५ सहा वर्षांखालील मुलांसाठी 'संगोपन आणि शिक्षण' असे दोन्ही शब्द एकत्र वापरतो. पण तो मार्गदर्शक तत्त्वांत येतो. त्याच्या आधारे न्यायालयात हक्क मागता येत नाही.

१८/ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि भरलेल्या फीचा प्रश्न घरोघरी पोहोचला. ३ मे २०२१ रोजी राजस्थानातील शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, न वापरलेल्या सुविधांपोटी १५ टक्के कपात करण्यास सांगितले. १२ ऑगस्ट २०२१ रोजी महाराष्ट्र शासनानेही शालेय फीत १५ टक्के कपातीचा आदेश काढला. न दिलेल्या सुविधेचे पैसे घेता येत नाहीत, हे तत्त्व शाळांच्या बाबतीतही मान्य झाले.

१९/ २०१९ चा नवा ग्राहक कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याने एक लक्षणीय बदल केला: तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. फी नागपुरात भरली आणि बदली भंडाऱ्याला झाली, तर भंडारा जिल्हा आयोगाचे दार ठोठावता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीचे शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

२०/ तेव्हा पावतीवरची ती ओळ हा शेवटचा शब्द नाही. 'फी' शिकवण्याची आहे की सांभाळण्याची, मूल किती दिवस गेले, रिकामी जागा भरली का, संस्थेचे खरे नुकसान किती, हे प्रश्न त्या ओळीनंतर सुरू होतात. म्हणून पावती जपून ठेवावी आणि परताव्याची मागणी लेखी करावी. ओसरीवर विड्या वळणाऱ्या आईकडे दाखवायला असा कागद नव्हता. आजच्या पालकांकडे तो आहे.