कोबेचा बाजार आणि वर्गणीची मशीद

इतिहासाच्या पुस्तकांत तख्त, तलवार आणि तह यांना भरपूर जागा मिळते; दुकानदाराच्या वाट्याला एखादी ओळ येते. मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्यालाही आधी बादशहा आठवतात, मग त्यांनी बांधलेल्या इमारती. पण इस्लाम जगात कित्येक ठिकाणी पोहोचला तो व्यापाऱ्याच्या गाठोड्याबरोबर. याचा एक बोलका दाखला जपानमधील कोबे शहराच्या उंची बाजारपेठेला लागून उभा आहे. त्या बाजारातून आम्ही वाचकांना फिरवून आणू इच्छितो.

सान्नोमिया हे कोबेचे गजबजलेले स्थानक. त्याच्या दक्षिणेला, समुद्राच्या बाजूला, 'जुनी वसाहत' म्हणून ओळखला जाणारा भाग आहे. रुंद रस्ते, दगडी इमारती आणि त्यांच्या तळमजल्यावर जगप्रसिद्ध कंपन्यांची महागडी दुकाने. येथील एका हातपिशवीच्या किमतीत आपल्याकडे एखाद्या घरचा वर्षाचा किराणा भरेल! पण या थाटाचा उगम एका तहात आहे. परदेशांशी झालेल्या करारांनुसार १ जानेवारी १८६८ रोजी हे बंदर खुले झाले. जॉन विल्यम हार्ट या इंग्रज अभियंत्याने वसाहतीची आखणी केली आणि १२६ भूखंड पाडून ते परदेशी व्यापाऱ्यांना दिले गेले. १८९९ साली जपानने वसाहत परत आपल्या ताब्यात घेतली. गोरे व्यापारी गेले, पण आखणी राहिली.

चिन्यांचा जपानशी तेव्हा तह नव्हता, म्हणून त्यांना वसाहतीत जागा मिळाली नाही. ते पश्चिमेला कुंपणाबाहेर राहिले. त्यांची ती वस्ती म्हणजे आजचे नानकिनमाची, खवय्यांनी सदैव भरलेले. त्याच्या शेजारीच मोतोमाचीची छताखालची लांबलचक बाजारपेठ आहे. ज्यांना आत घेतले नाही, त्यांनी बाहेर बाजार वसवला. आज दोन्हीकडे सारखीच गर्दी असते.

या बाजाराची गोडीही परक्यांनीच वाढवली. कार्ल युखहाइम हा जर्मन हलवाई पहिल्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून जपानमध्ये आला. सुटकेनंतर त्याने योकोहामात दुकान थाटले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो कोबेला आला. त्याच्या नावाचा केक आज जपानभर विकला जातो. रशियन क्रांतीमुळे देशोधडीला लागलेल्या मोरोझोफ कुटुंबाने १९२६ साली येथील टोर रोडवर चॉकलेटचे दुकान उघडले. कैदी आणि निर्वासित यांच्या हातची मिठाई श्रीमंतांची चैन बनली.

आता आपल्या मंडळींकडे वळू. जपानच्या सूतगिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा होता, पण जहाजाचे भाडे इंग्रज कंपनीच्या मर्जीवर ठरत असे. जमशेटजी टाटा आणि निप्पॉन युसेन कैशा ही जपानी कंपनी यांनी हात मिळवले आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये कोबे ते मुंबई अशी बोटसेवा सुरू झाली. जपानची ही दूरदेशीची पहिली नियमित बोटसेवा. हिंदुस्थानी व्यापारी कोबेत वाढले. १९२३ च्या भूकंपानंतर योकोहामातील रेशमाचे हिंदी व्यापारीही येथे आले. त्यांत सिंधी होते, गुजराती होते, हिंदू होते आणि मुसलमानही होते. त्याच सुमारास रशियातून हिजरत केलेले तातार मुसलमान येथे स्थिरावत होते. त्यांतले अनेकजण पाठीवर लोकरी कापडाचे गठ्ठे घेऊन दारोदार फिरत.

भाषा वेगळी, पेहराव वेगळा, देश वेगळा. पण नमाजाची सफ एकच. १९२८ साली मशिदीसाठी समिती स्थापन झाली. वर्गणीचा मोठा वाटा हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी उचलला. आराखडा यान श्वागर या चेक वास्तुविशारदाचा, बांधकाम ताकेनाका या जपानी कंपनीचे. १९३५ साली मशीद उघडली. जपानमधील ती पहिली मशीद मानली जाते. सान्नोमिया स्थानकाकडून डोंगराच्या दिशेने थोडे चालले की तिचे घुमट आणि मिनार दिसतात.

पुढचा काळ कसोटीचा होता. १९४३ साली जपानी नौदलाने मशीद ताब्यात घेतली. १९४५ च्या बॉम्बवर्षावात भोवतालचे शहर जळाले, मशीद उभी राहिली. १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे भूकंपाने ६,४०० हून अधिक माणसे घेतली. जुन्या वसाहतीतील पंधरा क्रमांकाची, अमेरिकन वकिलातीची जुनी इमारत कोसळली. ती पुढे १९९८ मध्ये पुन्हा उभारली गेली. मशीद मात्र याही वेळी तगली.

लोक याला चमत्कार म्हणतात. अल्लाहची मर्जी तर आहेच. पण चांगला वास्तुविशारद, कुशल बांधकाम आणि त्यासाठी हात आखडता न घेणारी जमात हीही त्याचीच देणगी नव्हे काय?

बहुतेक तातार पुढे तुर्कस्तान-अमेरिकेला निघून गेले. हिंदी व्यापाऱ्यांची कित्येक घराणी पांगली. पण सफ रिकामी राहिली नाही. आज तेथे इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेशचे विद्यार्थी आणि नोकरदार नमाज पढतात आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून जपानी मुसलमानही. मशिदीच्या वरच्या अंगाला कितानो भागात १९८५ साली जैन मंदिर उभे राहिले, त्यामागे मोत्यांचे हिंदी व्यापारी होते. एकमेकांच्या इबादतीला कोणी अडथळा मानले नाही.

कोकणातल्या कित्येक मुसलमान घरांत बोटीवर नोकरी केलेले आजोबा होते. आज त्याच घरांतली मुले आखातात आहेत. परगावी पोट भरणे आपल्याला नवे नाही. प्रश्न एवढाच, की पोट भरल्यावर आपण तेथे काय ठेवून येतो. कोबेच्या व्यापाऱ्यांची दुकाने कोठे होती, हे आज कोणी सांगणार नाही. त्यांच्या वर्गणीतून आलेली अजान मात्र अजून होते.