गोलांची मोजदाद आणि काळाचे माप

ध्यानचंद मोठे की आजचा हरमनप्रीत सिंग मोठा, हा वाद आमच्या धर्मग्रामातील वृद्ध व तरुण मंडळींत हटकून रंगतो. दोन्ही पक्ष आकडे पुढे करतात आणि दोघांचेही आकडे खरे असतात. तरीही वाद मिटत नाही, कारण आकडा खरा असणे वेगळे आणि तो तुलनेस पात्र असणे वेगळे. दिवंगताची थोरवी फुगवून सांगणे हा जसा सत्याचा अपलाप, तसेच आजच्या खेळाडूचे श्रम ‘आता पूर्वीचे राहिले नाही’ एवढ्या एका वाक्यात निकालात काढणे हाही अन्यायच. म्हणून या मोजदादीचा इतिहास थोडा उलगडून पाहावा, असे आम्हांस वाटते.

१९२८ साली ॲमस्टरडॅम येथे भारताने पाच सामन्यांत २९ गोल केले व एकही स्वीकारला नाही. त्या २९ पैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे होते. परंतु ज्यांनी हा खेळ जगाला शिकवला, त्या ब्रिटनचा संघ त्या स्पर्धेत उतरलाच नव्हता; पुढच्या दोन ऑलिंपिकमध्येही तो आला नाही. १९३२ चे लॉस एंजेलिस तर अधिकच विलक्षण. जगभर मंदी, प्रवास लांबचा, त्यामुळे हॉकीसाठी अवघे तीन संघ हजर होते. भारताने जपानला ११–१ आणि नवख्या अमेरिकेला २४–१ असे हरवले. या दोन सामन्यांतील ३५ गोलांपैकी १३ रूपसिंगांचे व १२ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे. हा २४ गोलांचा भारतीय विक्रम २०१८ साली आशियाई स्पर्धेत मोडला गेला. त्या वेळी भारताने हाँगकाँगवर २६ गोल चढवले. पण त्या सामन्याच्या आख्यायिका झाल्याचे आम्ही तरी ऐकलेले नाही!

१९३५ च्या न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ध्यानचंदांनी ४३ सामन्यांत २०१ गोल केले. मात्र त्यांतील बहुसंख्य लढती प्रांतिक वा स्थानिक संघांशी होत्या. आज खेळाडूच्या नावावर केवळ राष्ट्राविरुद्ध राष्ट्र अशा सामन्यांचेच गोल जमा होतात. म्हणजे खातेवही एकच दिसत असली तरी जमेचे नियम निराळे आहेत. शिवाय जुन्या नोंदीही सर्वत्र सारख्या नाहीत. १९३६ च्या बर्लिनमधील अंतिम सामन्यात भारताने जर्मनीवर ८–१ असा विजय मिळवला. त्यात ध्यानचंदांचे गोल काही पुस्तकांत तीन, तर काहींत सहा आढळतात.

पुढे खेळच पालटला. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून गवताची जागा कृत्रिम हिरवळीने घेतली आणि त्या वर्षी भारत सातव्या क्रमांकावर घसरला. १९९८ मध्ये ऑफसाइडचा नियम कायमचा गेला. त्याहून मोठे स्थित्यंतर पेनल्टी कॉर्नरचे. सरळ फटका मारला तर पहिला चेंडू १८ इंचांच्या फळीहून उंच जाता कामा नये. काठीने ओढून फेकलेल्या चेंडूला मात्र हे बंधन नाही. या एका फरकातून ड्रॅग फ्लिकचे तज्ज्ञ घडले. नेदरलँड्सचे पॉल लिटजेन्स यांचा १७७ सामन्यांतील २६७ गोलांचा विक्रम पाकिस्तानच्या सोहेल अब्बासने २००४ मध्ये मागे टाकला. निवृत्तीपर्यंत त्याच्या नावावर ३११ सामन्यांत ३४८ गोल जमले. तो बचावफळीतला खेळाडू! बचावपटूने गोलांचा जागतिक विक्रम करावा, ही कल्पना १९३६ मध्ये कोणास सुचली तरी असती काय?

मग माप कोणते लावावे? मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे दान प्रभूने तिच्याजवळ काय होते ते पाहून तोलले. तसे एखाद्याचे गोल त्याच्या संघाच्या गोलांशी ताडून पाहता येतील. १९२८ मध्ये ध्यानचंदांचा वाटा २९ पैकी १४, म्हणजे निम्म्याहून किंचित कमी. १९५२ मध्ये हेलसिंकीत बलबीर सिंगांचे १३ पैकी ९. २०२४ च्या पॅरिसमध्ये हरमनप्रीतचे १५ पैकी १०, आणि तेही आठ सामन्यांत, तुल्यबळ संघांशी झुंजताना. या मापाने ध्यानचंद मागे पडतात, पण त्याचे कारण त्यांच्या उणिवेत नाही. त्यांच्या शेजारी गोल करू शकणारे आणखी अनेक जण होते आणि चेंडू त्यांच्याकडे सोपवण्यात ते कधी कचरले नाहीत. उलट हरमनप्रीतचे दहाही गोल पेनल्टी कॉर्नर वा पेनल्टी स्ट्रोकवरचे. ती संधी दुसऱ्याच कुणीतरी धावून, पडून, आपटून मिळवलेली असते. हेही माप, तेव्हा, लंगडेच.

आमचे मत विचाराल तर हेलसिंकीचा अंतिम सामना आम्ही सर्वांत वर ठेवू. नेदरलँड्सविरुद्ध भारताचे सहा गोल, त्यांतील पाच बलबीर सिंगांचे. त्याच्या आदल्याच सामन्यात ब्रिटनविरुद्धचे तिन्ही गोलही त्यांचेच होते. फाळणीने पंजाबचे कित्येक खेळाडू सीमेपलीकडे गेले होते, दुबळ्या संघांवर धावसंख्या फुगवण्याची सोय उरली नव्हती, आणि पदकच पणाला लागले असताना हे घडले.

मात्र मोजदादीच्या बाहेर राहिलेल्यांचे काय करावे, हे आम्हांस उमगत नाही. महायुद्धाने १९४० व १९४४ ची ऑलिंपिक गिळली. त्या वर्षांत भरात असलेल्या पिढीच्या नावापुढे शून्यही नाही, कोरी जागा आहे. खुद्द बलबीर सिंगांना १९४८ मध्ये लंडनला पाचांपैकी दोनच सामने खेळावयास मिळाले. त्यांत त्यांनी आठ गोल केले. आणि गोलरक्षकांची वही तर कोणी उघडतच नाही. त्याच लंडनच्या संघात मुंबईच्या मैदानांवर नावारूपाला आलेले लिओ पिंटो गोलरक्षक होते. भारताने त्या स्पर्धेत २५ गोल केले, ते आपण मोजतो. संपूर्ण स्पर्धेत भारतावर झाले केवळ दोन.