कारंज्याहून बर्लिनला, हुतूतूच्या वाटेने

१९३६ चा उन्हाळा. तुम्ही कारंज्याच्या स्टेशनात उभे आहात. आज कारंजा ज्या वाशीम जिल्ह्यात आहे, तो १९३६ मध्ये नकाशावर नाही. जुना १९०५ मध्ये अकोल्यात मिसळला, नवा व्हायला १९९८ उजाडायचं आहे. अडीच फुटी रुळांवरून धापा टाकत शकुंतला ही आगगाडी येते. तुमच्या पिशवीत दोन लंगोट, भाकरी आणि ठेचा. मूर्तिजापूरला गाडी बदला, बडनेऱ्याला पुन्हा बदला, की अमरावती.

श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात शिरताच तेल-ताक पाजलेल्या तांबड्या मातीचा वास येतो. अंबादासपंत आणि अनंत वैद्य या भावांनी १९१४ मध्ये इथे आखाडा घातला. क्रांतिकारक शिवराम राजगुरू इथेच तालीम करून गेले. त्यांना फाशी होऊन पाच वर्षं झाली आहेत, आणि त्यांचं नाव निघालं की जोर काढणारी पोरं क्षणभर थांबतात.

पलीकडे एरंडेल चोळलेल्या मल्लखांबावर एकजण उलटा चढतोय. तुम्हाला मात्र हुतूतूच्या मैदानात ओढलं जातं.

"तुमच्या कारंज्यात मेलेला गडी पुन्हा उठते का?" कुणीतरी विचारतं.

प्रश्न खरा आहे. संजीवनी प्रकारात गडी परत येतो, गामिनीत बाहेरच बसतो; गावागणिक रीत निराळी. नियम ठरवून तुम्हाला चढाईला धाडतात. तुम्ही दम घुमवत रेषा ओलांडता. डावीकडचा घोट्यावर झेपावतो, मागचा कंबरेला मिठी घालतो. बोटं मधल्या रेषेपासून वीतभर दूर, छाती फुटायला आलेली, आणि दम तुटतो. मेलात! हसत हसत तेच तुम्हाला उठवतात, पाठीवरची माती झटकतात.

ऑगस्टमध्ये तुम्ही याच मंडळाच्या चमूबरोबर बर्लिनमध्ये आहात. ऑलिम्पिकच्या अधिकृत प्रात्यक्षिक खेळांत बेसबॉल आणि ग्लायडिंग आहे. आपले खेळ त्या यादीत नाहीत. तरीही अमरावतीची माणसं परक्या मैदानावर उतरतात आणि हुतूतू, म्हणजे आजची कबड्डी, जगाला दाखवतात. खेळ यादीत नसल्याने या प्रात्यक्षिकाचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं. ऑस्ट्रेलियाने स्वतःचा फुटबॉल ऑलिम्पिकमध्ये दाखवला तो १९५६ मध्ये, मेलबर्नमध्ये, घरच्या मैदानावर आणि यजमानाच्या हक्काने. वऱ्हाडातल्या व्यायामशाळेकडे असला कोणताच हक्क नव्हता.

पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकांचा खेळ झाली आणि पहिलं सुवर्ण भारताने घेतलं.

आता परत या. कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा, वाशीम, तुमचं गाव कोणतंही असो, तिथल्या जुन्या आखाड्याची हजेरीवही, वर्गणीची पावती, चमूचा फोटो कुणाच्या तरी पेटीत असेल. ज्यांना त्यातले चेहरे ओळखता येतात ती माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे या आठवड्यातच जा आणि नावं लिहून घ्या.